हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज : भाग २

हॅरी पॉटर सिरीजचा आठवा आणि शेवटचा पिक्चर. १५ जुलै २०११ ला शुक्रवारी लागला, आणि त्याच दिवशी आपल्याकडे गुरुपौर्णिमा होती. हा योगायोग मला आजही भारी वाटतो, कारण माझ्या मते हा पिक्चर हॅरीपेक्षा त्याच्या एका सरांचाच जास्त आहे, ते पुढे येतंच. डायरेक्टर डेव्हिड येट्स, पटकथा स्टीव्ह क्लोव्हज, म्युझिक अलेक्झांडर डेस्प्ला. जे. के. रोलिंगचं सातवं पुस्तक २००७ मध्ये आलं, त्याचे दोन पिक्चर केले, पहिला नोव्हेंबर २०१० मध्ये आणि हा आठ महिन्यांनी. लांबी १३० मिनिटं, आठही पिक्चरमध्ये सगळ्यात कमी. जगभरात जवळपास १३४ कोटी डॉलर कमावले, त्या वर्षी एवढा धंदा दुसऱ्या कोणत्याच पिक्चरने केला नाही. ऑस्करची ३ नॉमिनेशन्स होती, मिळालं मात्र एकही नाही.

पहिला पिक्चर २००१ चा, म्हणजे तेव्हा नागपुरात जे पोट्टे पाचवी-सहावीत होते ते शेवटच्याला इंजिनिअरिंगला पोचले होते. आमच्या ग्रुपमध्ये कोणी मराठीतलं पहिलं पुस्तक 'परीस' वाचून सुरुवात केलेली, कोणी हिंदी पुस्तकं वाचलेली, त्यामुळे भांडण झालं की 'पितृदेव संरक्षणम्' हा हिंदी पुस्तकातला मंत्र ओरडून पेन रोखायची पद्धत होती. बर्डीवर पावसात भिजत आलो, गेटवर थ्रीडीचे चष्मे वाटून राहिले होते, ते ओल्या शर्टाला पुसले तर अजूनच धुरकट झाले.

गोष्ट अशी की व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराने आपल्या आत्म्याचे तुकडे करून वेगवेगळ्या वस्तूंमध्ये लपवलेत, त्यांना हॉरक्रक्स म्हणतात, ते सगळे नष्ट झाल्याशिवाय तो मरत नाही. (आपल्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसंच, म्हणून आजीलाही हे एका वाक्यात समजलं होतं.) सुरुवातीला ग्रिंगॉट्स बँकेतली चोरी, तिथे हॅरीची मैत्रीण हर्मायनी व्होल्डेमॉर्टच्या साथीदार बेलाट्रिक्सचं रूप घेऊन जाते, आणि हेलेना बॉनहॅम कार्टरने 'बेलाट्रिक्स झालेली घाबरलेली हर्मायनी' इतकी बरोबर केलीय की चालण्यातूनच कळतं ही बाई हाय हिल्समध्ये अवघडलीय. मग हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतली लढाई, आणि हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल तलवारीने नागिनीला, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या सापाला, मारतो तेव्हा टॉकीजमध्ये ज्या शिट्ट्या वाजल्या त्या हॅरीलाही नाही मिळाल्या.

पण जीव आहे तो स्नेप सरांच्या आठवणींमध्ये. पुस्तकात सर झपाटलेल्या पडक्या घरात मरतात, इथे बोटी ठेवायच्या काचेच्या खोलीत, साप काचेपलीकडे दिसत नाही, फक्त आवाज येतो. मग हॅरी त्यांच्या गालावरचा अश्रू छोट्या बाटलीत घेतो. दहा वर्षं ज्यांना आपण वाईट समजलो ते सर लिलीसाठी, हॅरीच्या आईसाठी, सगळ्यांचा तिरस्कार सहन करत त्याच पोराला वाचवत होते हे काही मिनिटांत उलगडतं, आणि लिलीवर अजून प्रेम आहे का, याला त्यांचा 'ऑल्वेज' हा एकच शब्द पुरतो. स्नेप सरांचं काम करणाऱ्या ॲलन रिकमनला स्नेपबद्दलची एक गुप्त गोष्ट रोलिंगने बाकी कोणाच्याही आधी सांगून ठेवली होती, हे माहीत झाल्यावर जुने भाग परत पाहा, प्रत्येक नजरेचा अर्थ बदलतो. माझ्या बाजूला ताई बसली होती, तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावर दोन-दोन प्रतिमा दिसत असतानाही तो खाली घेतलाच नाही.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही ती म्हणजे शेवट. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट सगळ्यांसमोर साध्या माणसासारखा कोसळतो, त्याचं प्रेत मागे उरतं, तोच तर मुद्दा होता की हाही शेवटी माणूसच, आणि पिक्चरमध्ये दोघंच अंगणात लढतात अन् तो राख होऊन उडून जातो. पुस्तकात हॅरी एल्डर वाँडने, म्हणजे सगळ्यात ताकदवान जादूच्या छडीने, आपली मोडलेली जुनी छडी दुरुस्त करतो, तेही गाळलंय, पिक्चरमध्ये तो एल्डर वाँड सरळ मोडूनच टाकतो.

शेवटचा सीन १९ वर्षांनंतरचा, प्लॅटफॉर्म पावणेदहा. तो आधी लंडनच्या खऱ्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर शूट झाला होता, पण नीट जमला नाही म्हणून डिसेंबर २०१० मध्ये लीव्हस्डन स्टुडिओत परत केला. गाडी सुटते आणि जॉन विल्यम्सची पहिल्या पिक्चरच्या शेवटची तीच धून लागते. लाइट लागले, चष्मे गोळा करणारा पोरगा ट्रे घेऊन रांगेच्या टोकाला उभा होता, आणि आमच्या रांगेतलं कोणीच उठत नव्हतं.