डायनोसॉर, अशनी आणि सह्याद्रीचा कातळ: एका वादाची पार्श्वभूमी

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. विषय एकच होता, सह्याद्रीचा लाव्हा नेमका कधी ओतला गेला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाच्या मते उद्रेकांचा एक मोठा झटका अशनी, म्हणजे अवकाशातला तो प्रचंड धोंडा, आदळण्याच्या काही दहा हजार वर्षं आधी येऊन गेला होता. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा, की लाव्ह्याचा सुमारे पाऊण भाग अशनी आदळल्यानंतर बाहेर पडला. दोघांनीही दगड नेले होते ते आपल्याच घाटांतून.

डायनोसॉर अशनीनं संपवले की या लाव्ह्यानं, हा वाद याच फरकावर अडलेला आहे. तो कसा सुरू झाला, हे कळायला चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या शेवटी, पृथ्वीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रजाती नामशेष झाल्या. डायनोसॉर गेले (पक्षी ही त्यांची एक शाखा तेवढी उरली), आकाशातले टेरोसॉर गेले, समुद्रातले मोसासॉर आणि शंखांसारख्या वेटोळ्यांचे अमोनाइट गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रकरणाकडे फारसं कुणी गंभीरपणे पाहत नव्हतं. सस्तन प्राण्यांनी अंडी खाल्ली, फुलझाडं आली आणि ती पचेनात, वंशच म्हातारा झाला, असे एकेक तर्क निघत. एम. डब्ल्यू. डी लॉबेनफेल्स यांनी १९५६ मध्ये मोठी उल्का पडून उष्णतेनं डायनोसॉर मेले असावेत, असं सुचवलं होतं, पण तेही वाऱ्यावर गेलं. भूशास्त्राचा पिंडच तसा होता. एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांच्यापासूनची शिकवण अशी, की नदी, वारा, गाळ यांचं रोजचं संथ काम कोट्यवधी वर्षं चाललं की पृथ्वी घडते. आकाशातून काहीतरी कोसळलं आणि खेळ खल्लास, हे बोलणं त्या मंडळींना पोथीतल्या प्रलयासारखं वाटे.

ही घडी विस्कटली इटलीत. गुब्बिओ गावाजवळच्या दरीत गुलाबी-पांढऱ्या चुनखडीचे थर एकावर एक रचलेले आहेत. अमेरिकी भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ तिथे खरं तर खडकातलं जुनं चुंबकत्व मोजायला गेले होते. भिंग घेऊन पाहिलं तर एका पातळीपर्यंतच्या चुनखडीत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय समुद्री जीवांची कवचं भरपूर आणि चांगली टपोरी, वाळूच्या कणाएवढी दिसतात. त्यानंतर जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची चिकणमाती लागते, जिच्यात कवचं जवळजवळ नाहीतच. वर पुन्हा चुनखडी सुरू होते, पण तिच्यातली कवचं अगदी बारीक आणि मोजक्या प्रकारांची. एवढीशी माती साचायला किती काळ लागला असेल, हा वॉल्टर यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी तो वडिलांना विचारला.

वडील म्हणजे लुईस अल्वारेझ, १९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, आणि कुणाच्याही अंगणात बिनदिक्कत शिरणारे गृहस्थ. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते मागच्या निरीक्षण विमानात होते. पुढे इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये दडलेली दालनं आहेत का, हे वैश्विक किरणांनी तपासण्याचा उद्योगही त्यांनी केला. त्यांनी उपाय सुचवला इरिडियमचा. हा धातू पृथ्वीच्या कवचात जवळपास नाहीच, कारण पृथ्वी वितळलेली होती तेव्हाच तो लोखंडाबरोबर गाभ्यात उतरला. अवकाशातून झिरपणाऱ्या धुळीतून मात्र तो थोडाथोडा येत राहतो. म्हणजे मातीत इरिडियम किती आहे यावरून ती किती वर्षांत साचली, हे काढता यावं. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजलं तर प्रमाण आजूबाजूच्या खडकाच्या तीसपट निघालं. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या त्याच वयाच्या मातीत ते एकशे साठपट होतं. इतकं इरिडियम धुळीच्या हिशेबात बसेना. जवळच एखादा तारा फुटला असेल, हीही शक्यता त्यांनी तपासली, पण त्यासोबत यायला हवं होतं ते प्लुटोनियम सापडलं नाही. १९८० मध्ये चौघांनी जाहीर केलं की सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला, धुळीनं सूर्य झाकला गेला, वनस्पती मेल्या आणि त्यांच्यामागोमाग बाकीचे. स्पेनमधल्या काराबाका इथल्या थरांत डच भूशास्त्रज्ञ यान स्मित यांनाही स्वतंत्रपणे हाच धागा सापडला होता.

जीवाश्मतज्ज्ञ बिथरले. त्यांचं म्हणणं असं, की डायनोसॉर काही एका दिवसात गेलेले दिसत नाहीत, थरांमध्ये ते हळूहळू कमी होत जातात. (या हरकतीचं उत्तर १९८२ मध्ये फिलिप सिग्नॉर आणि जेरे लिप्स यांनी दिलं. ज्या प्राण्याचे जीवाश्म मुळातच विरळ मिळतात, त्याचा सापडलेला शेवटचा सांगाडा हा प्रत्यक्षातल्या शेवटच्या प्राण्याच्या बराच आधीचा असणार. त्यामुळे अचानक झालेला संहारही दगडात संथ दिसतो.) लुईस अल्वारेझ यांनी मात्र युक्तिवादावर न थांबता, जीवाश्मतज्ज्ञ म्हणजे टपाल तिकिटं जमवणारी माणसं, असं वर्तमानपत्राला सांगून टाकलं. माणूस हुशार, पण जीभ आवरती तर वाद दहा वर्षं आधी निवळला असता, असं वाटल्यावाचून राहत नाही.

अशनीवाल्यांची खरी अडचण वेगळी होती. एवढा मोठा धोंडा पडला तर खड्डा कुठाय? तो सापडला मेक्सिकोत, आणि गंमत म्हणजे तो आधीच सापडलेला होता. १९७८ मध्ये पेमेक्स या सरकारी तेल कंपनीसाठी चुंबकीय सर्वेक्षण करताना ग्लेन पेनफील्ड यांना युकातान किनाऱ्याजवळ समुद्राखाली एक प्रचंड कमान दिसली. जमिनीवरच्या जुन्या नकाशात तिचा उरलेला अर्धा भाग होता, आणि दोन्ही जोडल्यावर वर्तुळ पुरं झालं. पेनफील्ड आणि अंतोनियो कामार्गो यांनी १९८१ च्या एका परिषदेत हे मांडलंही, पण अशनीचा शोध घेणारे तज्ज्ञ तिथे नव्हतेच. पुढची नऊ वर्षं जग खड्डा शोधत राहिलं. अखेर १९९० मध्ये ह्यूस्टनच्या एका वार्ताहरानं, कार्लोस बायर्स यांनी, अॅलन हिल्डेब्रँड या संशोधकाच्या कानावर ही जुनी गोष्ट घातली. पुढच्याच वर्षी चिक्शुलूब विवराची घोषणा झाली. व्यास सुमारे १८० किलोमीटर, वर जवळजवळ एक किलोमीटर जाडीची चुनखडी. तिथल्या मूळ खडकात गंधकयुक्त जिप्सम भरपूर होतं, त्यामुळे धडकेनंतर धुळीबरोबर गंधकाचं धुकंही वातावरणात गेलं. २०१० मध्ये एक्केचाळीस संशोधकांनी मिळून ‘सायन्स’मध्ये निवाडा दिला, की कारण चिक्शुलूबच.

इथे भल्याभल्यांची एक गल्लत होते, म्हणून सांगून टाकतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवरही अशनीनंच झालेलं आहे, पण त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. ते जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटरचं आहे आणि डायनोसॉर संपल्यावर कोट्यवधी वर्षांनी, आधीच थंड झालेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, पडलेलं आहे. मुंबईजवळच्या समुद्रतळाशी ‘शिवा’ नावाचं महाविवर असल्याचा शंकर चॅटर्जी यांचा दावाही अधूनमधून बातम्यांत येतो. बहुतेक भूशास्त्रज्ञ तो मानत नाहीत.

महाराष्ट्राचा खरा संबंध दुसऱ्या संशयिताशी आहे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ड्यूई मॅक्लीन यांनी अल्वारेझ यांच्याच काळात म्हटलं होतं, की दख्खनच्या ज्वालामुखींनी इतका कार्बन डायऑक्साइड ओकला असेल की हवामान आणि समुद्राची रसायनं दोन्ही बिघडली असतील. हा लाव्हा शंकूच्या डोंगरातून उसळलेला नव्हे, तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पसरला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे, महाबळेश्वरच्या बाजूला त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि काही प्रवाह पार राजमहेंद्रीपर्यंत पोचलेले आहेत. थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं खालून वर वाचली तर घाटवाटांची यादीच वाटते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर.

या बाजूचं बलस्थान दख्खनच्या बाहेर आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या शेवटी, याहूनही मोठा महाविनाश झाला, आणि तेव्हा सायबेरियात असाच लाव्हा वाहत होता. त्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या शेवटीही महाविनाश आणि असाच लाव्हा, जागा तेवढी वेगळी. त्या दोन्ही वेळी चिक्शुलूबसारखं विवर सापडलेलं नाही. मग फक्त तिसऱ्या वेळी लाव्हा निर्दोष कसा, हा प्रश्न रास्तच म्हणायला हवा.

कमजोरी होती ती वेळेची. १९८० पर्यंत दख्खनच्या दगडांची वयं कोट्यवधी वर्षांवर विखुरलेली येत. इतक्या आरामात वाहिलेला लाव्हा कुणाला मारणार? फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट कूर्तियो यांनी १९८६ मध्ये दगडांतल्या चुंबकीय दिशा मोजून दाखवलं, की सह्याद्रीची बरीचशी रास पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असतानाच्या एकाच छोट्या कालखंडात, म्हणजे दहा लाखांहून कमी वर्षांत ओतली गेली. महाविनाशही नेमका त्याच कालखंडातला. संशयित घटनेच्या वेळी जागेवर होता, एवढं तरी ठरलं.

त्याहून बारीक मोजायचं तर झिरकॉनचे स्फटिक लागतात, कारण त्यांच्यातलं युरेनियम ठरावीक गतीनं शिशात बदलतं. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाहीत. पण घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये वीटकरी तांबडा, नखानं उकरला जाईल असा मऊ पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जी उसंत मिळाली, तिच्यात वरचा थर कुजून ही माती झाली. त्या काळात दुसऱ्या प्रकारच्या ज्वालामुखीची राख उडत येऊन तिच्यावर पडली असेल, तर तिच्यातले झिरकॉन आत अडकून राहतात. शोएन यांच्या गटानं ही माती पिशव्या भरभरून नेली, धुतली, जड द्रवात बुडवून हलके कण वेगळे केले आणि उरलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉनचे दाणे एकेक करून टिपले. स्प्रेन यांच्या गटानं बेसाल्टमधल्याच फेल्डस्पार या खनिजातला अरगॉन वायू मोजला, तोही ठरावीक गतीनं साठत जातो. आता घड्याळं दोन्ही चोख आहेत, पण अशनी आदळला तो क्षण रासेच्या कोणत्या पातळीवर मांडायचा, यावर त्यांचं एकमत नाही. भूभौतिकशास्त्रज्ञ मार्क रिचर्ड्स यांनी तर २०१५ मध्ये अशीही कल्पना मांडली, की चिक्शुलूबच्या हादऱ्यानंच पोलादपूर ते महाबळेश्वरपर्यंतचे सर्वांत मोठे प्रवाह मोकळे झाले असतील. कल्पना देखणी आहे, पण शोएन यांची वयं तिला पुरेसा दुजोरा देत नाहीत.

२०२० मध्ये येल विद्यापीठाच्या पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी दगड बाजूला ठेवून समुद्रतळाच्या गाळावरून त्या काळचं तापमान काढलं. महाविनाशाच्या सुमारे दोन लाख वर्षं आधी पृथ्वी साधारण दोन अंशांनी तापली होती, आणि अशनी आदळायच्या आत पुन्हा पूर्वपदावर आली होती. माझ्या मते हा पुरावा सर्वांत वजनदार आहे. मारलं अशनीनं. दख्खनच्या वायूंचा मोठा फटका आधीच येऊन ओसरला होता आणि जीवसृष्टीनं तो पचवला होता.

तरी लाव्ह्याची फाइल बंद झालेली नाही, कारण लाव्ह्याची जाडी मोजून वायूचा हिशेब लागत नाही. कार्बन डायऑक्साइड खोल मॅग्मातूनच निसटतो, लाव्हा पृष्ठभागावर येण्याच्या कितीतरी आधी. गंधकाचं तसं नाही, तो उद्रेकाबरोबर बाहेर पडतो आणि थोड्या वर्षांसाठी हवा गार करतो. भूशास्त्रज्ञ सारा कॅलेगारो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दख्खनच्या लाव्ह्यातल्या गंधकाचं प्रमाण मोजलं, तेव्हा क्रिटेशसच्या अखेरीस असे ज्वालामुखी-हिवाळे वारंवार येऊन गेले असावेत, असं दिसलं. २०२४ च्या डिसेंबरात उत्तर अमेरिकेतल्या, दलदलीतल्या वनस्पतींपासून झालेल्या जुन्या पीट कोळशावरून काढलेल्या तापमानानं त्याला थोडी पुष्टी दिली. महाविनाशाच्या तीस हजार वर्षं आधी पारा काही अंशांनी एकदम उतरलेला दिसतो, आणि त्यानंतर सुमारे दहा हजार वर्षांत, म्हणजे अशनीच्या आधीच, तो पुन्हा चढलेलाही दिसतो.