गोळीतलं इस्ट्रोजेन आणि रिपोर्टवरचा आकडा

रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने रक्तातलं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार) तपासून घेतलं, की रिपोर्ट पाहून बऱ्याचदा धसका बसतो. समजा, आकडा आला ४५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारच्या रकान्यात ‘रजोनिवृत्तीनंतर’ असं लिहून कमाल मर्यादा दिलेली असते वीस-तीसच्या आसपास. मग आकडा ठळक अक्षरात आणि त्याच्या बाजूला वर जाणारा बाण. पण ती मर्यादा गोळ्या न घेणाऱ्या बायकांच्या रक्तावरून ठरवलेली असते. गोळी घेणारीचा आकडा त्याच्या वर जायलाच हवा, तेवढ्यासाठीच तर गोळी दिलेली असते.

पाळी चालू असते तेव्हा इस्ट्रॅडिओल महिनाभर वरखाली होत असतं. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते साधारण ३० ते ५० असतं आणि बीज बाहेर पडण्याच्या आधी २०० ते ४०० पर्यंत चढतं. पाळी कायमची गेली की बीजकोशांकडून येणारा पुरवठा आटतो आणि पातळी २० च्या खाली, पुष्कळदा १० च्याही खाली जाते. जे थोडंफार उरतं ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं. १ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओलची रोजची गोळी ही पातळी साधारण ३० ते ५० पर्यंत आणते, म्हणजे तरुणपणी पाळीच्या सुरुवातीला असायची तितपतच. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्री घामाने भिजणं, मोडलेली झोप, हे सगळं आटोक्यात यायला बहुतेकींना तेवढं पुरतं.

आता त्या १ मिलिग्रॅमचं पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पोटातून शोषलेल्या बहुतेक गोष्टी थेट सगळ्या शरीरात जात नाहीत. आतड्यांतलं रक्त आधी यकृतातून जातं. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात असलेली एन्झाइम्स इस्ट्रॅडिओलवर तुटून पडतात. बराचसा भाग इस्ट्रोन नावाच्या सौम्य इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्याला सल्फेट जोडलं जातं, काही भाग पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतो आणि परत शोषला जातो. इस्ट्रॅडिओल म्हणून रक्तात पोचतं ते जेमतेम ५ टक्के. हिशेब करा: १ मिलिग्रॅमचे ५ टक्के म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. त्वचेवर लावायच्या ज्या पट्टीला डॉक्टर १ मिलिग्रॅम गोळीच्या तोडीची मानतात, ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच सोडते. पट्टीतलं इस्ट्रॅडिओल कातडीतून सरळ रक्तात उतरतं, यकृताचा पहिला फेरा चुकवतं, म्हणून इतक्या कमी मात्रेत भागतं.

गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात इस्ट्रोन हे इस्ट्रॅडिओलच्या साधारण पाचपट असतं, पट्टी लावणारीच्या रक्तात दोन्ही जवळपास सारखी असतात. इस्ट्रोन सल्फेट तर त्याहूनही कितीतरी जास्त असतं. ते स्वतः फारसं काही करत नाही, पण पेशी गरजेप्रमाणे त्यातलं सल्फेट काढून पुन्हा इस्ट्रोन आणि इस्ट्रॅडिओल बनवू शकतात. हा साठा हळूहळू संपतो, त्यामुळेच गोळी दिवसातून एकदा घेतली तरी चालते. आणि म्हणूनच नुसत्या इस्ट्रॅडिओलच्या आकड्यावरून शरीरात एकूण किती इस्ट्रोजेन फिरतंय ते कळत नाही.

यकृताची ही अडचण शास्त्रज्ञांना फार लवकर जाणवली होती. १९२९ साली एडवर्ड डॉइझी आणि अडॉल्फ बूटेनान्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोन शुद्ध रूपात वेगळं केलं. पुढे इस्ट्रॅडिओलही हाती आलं, पण तोंडाने दिलं की त्याचा प्रभाव फारच कमी पडायचा. १९३८ साली जर्मनीतल्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होलवेग यांनी इस्ट्रॅडिओलच्या रेणूला एथिनिल गट जोडला आणि यकृताला सहज न मोडणारं इस्ट्रोजेन तयार झालं. गर्भनिरोधक गोळ्यांत पुढे तेच आलं. रजोनिवृत्तीनंतरच्या उपचारासाठी दुसरी वाट निघाली ती गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनांची. ‘प्रेमारिन’ ही गोळी अमेरिकेत १९४२ पासून मिळू लागली. तिच्यात सुमारे निम्मं इस्ट्रोन सल्फेट असतं आणि बाकी इक्विलिनसारखी घोडीचीच इस्ट्रोजेनं, जी बाईच्या शरीरात एरवी नसतात. नेहमीची इस्ट्रॅडिओलची तपासणी त्यांना मोजतच नाही. ही गोळी घेणाऱ्या बाईचा आकडा पाहून ‘मात्रा कमी पडतेय’ असं ठरवणं म्हणजे औषधाचा मोठा भाग न मोजताच निकाल देणं.

एकाच मात्रेत दोघींची पातळी कितीतरी वेगळी निघते, हेही लक्षात ठेवायला हवं. गोळी आणि रक्त काढण्यात किती तास गेले, यकृताची एन्झाइम्स किती तत्पर आहेत, यावर ते ठरतं. सिगारेट ओढणाऱ्या बाईचं यकृत इस्ट्रोजेन लवकर मोडतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधंही तेच करतात. दारूचा परिणाम उलटा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात गोळ्या घेणाऱ्या बायकांना मद्य दिल्यावर इस्ट्रॅडिओल काही वेळापुरतं सुमारे तिप्पट झालेलं दिसलं. शिवाय मोजण्याची पद्धतही महत्त्वाची. बहुतेक प्रयोगशाळांतल्या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या कमी पातळीला डळमळतात, मिळत्याजुळत्या रेणूंनाही इस्ट्रॅडिओल समजून मोजतात. रेणू त्याच्या वस्तुमानावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री जास्त भरवशाची, पण ती सगळीकडे नसते.

एफएसएच, म्हणजे बीजकोशांना चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन, वारंवार तपासण्यातही फारसा अर्थ नाही. रजोनिवृत्तीनंतर ते चढतं, गोळ्यांनी थोडं उतरतं, पण पूर्वीच्या पातळीवर येत नाही. कारण एफएसएचला आवर घालणारं इन्हिबिन हे दुसरं हार्मोन बीजकोशांतून यायचं आणि ते काही गोळीत नसतं.

माझ्या मते ज्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, ते म्हणजे यकृताला बसणारा इस्ट्रोजेनचा एकदम मोठा डोस. गोळी विरघळल्यावर यकृताला भेटणारी इस्ट्रोजेनची पातळी बाकी शरीरापेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्या धक्क्याने ते अनेक प्रथिनं जास्त बनवू लागतं. थायरॉक्सिनला (थायरॉइडच्या हार्मोनला) धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. ज्यांची थायरॉइड धड आहे त्यांचं शरीर हे सांभाळून घेतं. पण जी बाई आधीपासून थायरॉक्सिनची गोळी घेते, तिला तीच मात्रा आता अपुरी पडू शकते. म्हणून हार्मोनची गोळी सुरू केल्यावर साधारण १२ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) तपासून घ्यावं. कॉर्टिसोलला बांधणारं प्रथिनही वाढतं, त्यामुळे एकूण कॉर्टिसोल जास्त दिसतं आणि नसलेल्या आजाराचा शोध सुरू होऊ शकतो. टेस्टोस्टेरॉनला बांधणारं प्रथिन वाढल्याने मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं, वाईट घटतं, पण ट्रायग्लिसराइड्स चढतात.

रक्त गोठवणारे घटकही यकृतातच बनतात. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. पन्नाशीतल्या निरोगी बाईचा मूळ धोकाच कमी असल्याने दुप्पट होऊनही तो लहानच राहतो, पण आधी गुठळी झालेल्या बाईसाठी ही गोष्ट निर्णायक ठरते. पट्टी किंवा जेल वापरणाऱ्या बायकांच्या निरीक्षणांत हा वाढीव धोका दिसलेला नाही. रक्तातलं इस्ट्रॅडिओल दोघींचं सारखं असूनही हा फरक पडतो, तो निव्वळ वाटेमुळे.

गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा तसंच औषध द्यावंच लागतं, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडाने घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनचाही यकृतात असाच फडशा पडतो. त्यातून बनणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूवर गुंगी आणतं, म्हणून ती कॅप्सूल झोपताना घ्यायला सांगतात. तपासणीत प्रोजेस्टेरॉन मोडून बनलेले असे पदार्थही प्रोजेस्टेरॉन म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. त्यामुळे अस्तर सुरक्षित आहे की नाही हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. नव्याने सुरू झालेला किंवा काही महिन्यांनंतरही न थांबणारा रक्तस्राव मात्र, रिपोर्ट काहीही म्हणो, डॉक्टरांना लगेच सांगायचा. मग सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात आणि गरज वाटली तर त्याचा तुकडा तपासतात.