चॅपलेन

चॅपलेन : भूभागाऐवजी एखाद्या संस्थेला वा लोकसमूहाला नेमून दिलेला ख्रिस्ती धर्मसेवक. गोव्यात गावच्या कपेलाची (छोट्या प्रार्थनामंदिराची) व्यवस्था पाहणाऱ्या, विगाराच्या (गावच्या मुख्य पाद्रीच्या) हाताखालच्या पाद्रीलाही चॅपलेन म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः इस्पितळ, बंदर, आपत्ती व कामाचे ठिकाण यांच्याशी निगडित कामापुरती आहे.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलमे ५६४ ते ५७२ चॅपलेनविषयी आहेत. पापनिवेदन ऐकणे, प्रवचन करणे, मरणासन्नाला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) व रुग्णाला तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देणे हे अधिकार त्याला पदामुळेच मिळतात. इस्पितळ, तुरुंग व समुद्रप्रवास यांत काही धर्मदंडांतून (चर्चच्या शिक्षांतून) मुक्त करण्याचा जादा अधिकार असतो, पण तो त्या जागेपुरताच. कलम ५७१ त्याला स्थानिक विगाराशी योग्य संबंध राखायला सांगते. घोळ बहुधा येथेच होतो : घरचे आपल्या गावच्या विगाराला निरोप धाडतात, वॉर्डातली सिस्टर समजते की चॅपलेनला कळवले आहे, आणि वेळेवर कोणीच पोहोचत नाही. म्हणून कोणाला, किती वाजता कळवले हे वॉर्डाच्या वहीत लिहिणे उपयोगाचे ठरते.

गोव्यातील आरंभ : पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा शहर जिंकल्यानंतर थोड्याच काळात तेथे पोर्तुगीज सैनिक-खलाशांसाठी राजाचे इस्पितळ उभे राहिले. मिझेरिकॉर्दिया या दानधर्म करणाऱ्या बंधुसंघाची स्थापना मात्र वादग्रस्त आहे. लिस्बनचा मूळ संघ १४९८ चा. गोव्यातील संघाचे श्रेय आल्बुकेर्कला द्यायचे तर स्थापना डिसेंबर १५१५ पूर्वी, म्हणजे त्याच्या हयातीत, न्यावी लागते. दुसरे मत ती १५१८ ते १५२० च्या सुमारास धरते, आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. नियमावलीनिशी चालणारा संघ आणि त्याआधी सुटेपणाने होणारा दानधर्म यांची गल्लत पहिल्या मतात होत असावी. हा वाद केवळ सनावळीचा नाही. कैद्यांची भेट, बेवारशांना मूठमाती, देहदंड झालेल्याची वधस्थानापर्यंत सोबत ही कामे संघाचे गृहस्थ सदस्य करीत, तर संस्कारांसाठी पाद्री नेमलेले असत. धर्मसेवेची ही विभागणी आजही टिकून आहे.

जेझुइट संघाचा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला तो इस्पितळातच राहिला. रुग्ण व कैदी यांची पापनिवेदने ऐकणे आणि रविवारी शहराबाहेरील कुष्ठरोग्यांकडे जाणे हा त्याचा क्रम त्याच्या पत्रांतून कळतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्पितळाचा कारभार जेझुइटांकडे गेला. १७५९ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली आणि १८३५ मध्ये इतर संन्यासी संघही गोव्यात बंद झाले. मडगावचे ऑस्पिसियो इस्पितळ पाद्री आंतोनियो जुआंव द मिरांदा यांनी १८६७ मध्ये सुरू केले.

इस्पितळातील पद्धत : फेरीआधी नर्सिंग स्टेशनवरून संमती दिलेल्या रुग्णांची यादी घ्यावी. विलगीकरणातील खाटा शेवटी ठेवाव्यात. प्रत्येक खाटेआधी व नंतर हात धुवावेत. उभे राहून बोलल्यास रुग्णाला ती डॉक्टरांची फेरी वाटते, म्हणून स्टुलावर बसावे. पाच-दहा मिनिटे बहुधा पुरतात. केसपेपर वाचणे व आजाराचे भाकीत नातेवाइकांना सांगणे वर्ज्य.

तैलाभ्यंग फक्त पाद्रीच देऊ शकतो. १९७२ च्या सुधारणेनुसार कपाळ व दोन्ही हातांना तेल लावतात; ऑलिव्हचे तेल नसल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेल चालते. निकड असेल तर केवळ कपाळ पुरते, आणि हाताला सलाइन असल्यास शरीराच्या दुसऱ्या भागाला लावता येते. डबीतील कापसाचा बोळा एकामागून एक रुग्णांना लावल्यास संसर्ग पसरतो. दर रुग्णाला नवा बोळा घ्यावा व नंतर तो जाळावा. तोंडाने काही द्यायचे नाही अशी सूचना असेल तर ख्रिस्तप्रसाद थांबवावा. अभ्यंगाला अडचण नसते. मृत्यू निश्चित झाल्यावर अभ्यंग देत नाहीत, शंका असल्यास देतात. उशिरा बोलावून मग पाद्रीने नकार दिला म्हणून कुटुंबे दुखावतात. खरे तर हा संस्कार गंभीर आजारासाठी आहे, अखेरच्या श्वासासाठी राखून ठेवायचा नाही.

इतर धर्मीयांच्या बाबतीत चॅपलेनचे काम भटजींना वा मौलवींना वेळेत बोलावण्याचे असते. मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालण्याचा आग्रह बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत घातक ठरू शकतो, कारण थेंबभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकते. ओल्या कापसाने ओठ पुसणे हा मान्य होण्याजोगा पर्याय. प्राणवायू चालू असलेल्या खाटेशेजारी समई, मेणबत्ती वा उदबत्ती पेटवू नये. मरण घरीच यावे अशी इच्छा असल्यास ती आधी डॉक्टरांच्या कानावर घालावी. ऐन वेळी रुग्णवाहिका व प्राणवायूची नळकांडी मिळवताना धावपळ होते. लोटलीच्या शांती अवेदना सदनासारख्या, बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांच्या निवासात ही बोलणी सावकाश करता येतात.

बंदर : खलाशांसाठीची कॅथलिक संघटना १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झाली, आज ती स्टेला मारिस म्हणून ओळखली जाते. मुरगावसारख्या बंदरात जहाजावर जायचे तर आगाऊ गेटपास, शिडीपाशी नोंद, हेल्मेट व सुरक्षा-बूट लागतात. १ जुलै २००४ पासून लागू असलेल्या बंदर-सुरक्षा नियमांमुळे अचानक भेट शक्य नाही. खलाशी बहुधा प्रथम सिमकार्ड व घरी फोन मागतात, प्रार्थना नंतर. पार्सल किनाऱ्यावर नेऊन देण्याची विनंती नम्रपणे नाकारावी, कारण त्यात कस्टम्सचा गुन्हा ओढवू शकतो.

आपत्ती : अपघात वा बुडण्याच्या घटनेत चॅपलेनने पोलिसांच्या दोरीबाहेर, ओळखपत्र लावून थांबावे. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करून ओळख पटेपर्यंत कोणाचेही नाव उच्चारू नये. एका कुटुंबाजवळ एकच माणूस ठेवावा. पाणी, खुर्ची व फोनची सोय आधी, धर्मवचन मागितल्यास. अनैसर्गिक मृत्यूत पंचनामा होतो आणि बहुधा शवचिकित्साही, त्यामुळे अंघोळ घालणे, कपडे चढवणे हे विधी नंतरच करता येतात. हे पहिल्याच तासात सांगितले तर शवागारापाशी वाद कमी होतात.

कामाच्या ठिकाणी : ब्रिटनमध्ये शेफिल्डच्या कारखान्यांत १९४४ पासून औद्योगिक मिशन, म्हणजे कामगारांमधील चर्चची धर्मसेवा, चालले. गोव्यातील कार्यालयांत धर्म दिसतो तो मुख्यतः वार्षिक सत्यनारायण पूजेत. भारतीय सैन्यात मात्र पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री अशा धर्मगुरूंची पदे असून अंत्यविधी, रुग्णभेट व शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट ही त्यांची नेमलेली कामे आहेत.