डायऑक्साइड विरघळवून पुन्हा डायऑक्साइडच कशासाठी?

भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं काळं खनिज मुळात मँगनीज डायऑक्साइडच आहे. नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी खाण कंपनी तिथेच मँगनीज आम्लात उतरवते आणि वीज सोडून पुन्हा डायऑक्साइडच काढते. त्याला ईएमडी, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड म्हणतात. कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे १,५०० टन. एवढ्या खटाटोपाचं कारण बॅटरीच्या सेलमध्ये आहे.

फ्रेंच अभियंता लेक्लांशेच्या १८६६ च्या सेलमध्ये खनिजाचीच पूड होती आणि साध्या जस्त-कार्बन सेलला ती आजही चालते. अल्कलाइन सेलला मात्र चालत नाही. त्यात जस्त भुकटीच्या रूपात असतं. खनिजातलं निकेल, कोबाल्ट दहा लाखांत काही भाग जरी जस्तापर्यंत पोचलं, तरी हायड्रोजन सुटतो, सेल फुगतो आणि गळतो. शिवाय विजेने जमवलेल्या डायऑक्साइडची स्फटिकरचना वेगळी असते, ती जास्त करंट देते.

डायऑक्साइड सौम्य गंधकाम्लात विरघळत नाही. म्हणून आधी कोळशाबरोबर भाजून त्याचा मोनॉक्साइड करतात. हा माल हवा न लागू देता थंड करावा लागतो. गरम असताना हवा लागली की तो पुन्हा ऑक्सिडाइज होतो आणि तेवढा गाळात जातो. तो आम्लात विरघळला की द्रावणाची आम्लता कमी करून लोखंड खाली बसवायचं, मग सल्फाइड घालून निकेल-कोबाल्ट काढायचं. खरी शुद्धता इथेच ठरते, वीज सोडायच्या टाकीत नाही.

टाकीत धनाग्र टायटॅनियमच्या पत्र्याचं. त्यावर मँगनीजचे आयन इलेक्ट्रॉन देऊन डायऑक्साइड म्हणून चिकटतात; ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. तयार होणारं आम्ल पुन्हा खनिज विरघळवायला परत जातं. फॅरडेने १८३४ च्या सुमारास मांडलेल्या नियमाने हिशोब सरळ आहे: एक किलोला ६१७ अँपिअर-तास. चौरस मीटरला ६० अँपिअर लावले, तर वीस दिवसांत थर जेमतेम सेंटीमीटरभर होतो. घाईने करंट वाढवला किंवा द्रावण ९० अंशांखाली गेलं, की टायटॅनियमवर त्याचाच ऑक्साइड चढतो, व्होल्टेज वर जातं आणि अखेर पत्रा काढून साफ करावा लागतो. इतक्या गरम टाकीतून वाफ फार जाते, म्हणून द्रावणावर मेणाचा पातळ थर ठेवण्याची पद्धत आहे.

पत्रे बाहेर काढून ठोकले की थराच्या जाड, काळ्या खपल्या सुटतात. त्या फोडून गरम पाण्याने वारंवार धुवायच्या, उरलेलं आम्ल सोड्याने मारायचं, मगच दळायचं. छिद्रांत आम्ल राहिलं, तर आधीची सगळी शुद्धी वाया जाते: सेल दुकानात पडून असतानाच उतरायला लागतो.