'पालक' म्हणजे नेमके कोण? अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची संमती: पार्श्वभूमी

अठरा वर्षांखालच्या मुलीचा गर्भपात करायचा तर पालकाची लेखी संमती लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ज्या कलमाने ही अट घातली त्यात 'आई-वडील' असा शब्दच नाही. 1971च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने पालकाची व्याख्या एका ओळीत उरकली आहे. अल्पवयीन मुलीची देखभाल जिच्याकडे आहे, ती व्यक्ती म्हणजे पालक. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी ही ओळ दवाखान्याच्या खिडकीपर्यंत धड पोहोचलेली नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच वादांचे मूळ तिथे आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1860च्या दंड संहितेनुसार गर्भपात हा गुन्हाच होता आणि तो स्वतःहून करून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत होती. अपवाद एकच: तिचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेला गर्भपात. संमती असेल तर शिक्षा तीन किंवा सात वर्षांपर्यंत, नसेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. स्त्रीच्या होकाराने फक्त शिक्षेचा आकडा बदलायचा. तिचा होकार हा तिचा अधिकार आहे, ही कल्पना त्या संहितेत कुठेच नव्हती.

1964 मध्ये नेमलेल्या समितीने 1966 अखेर अहवाल दिला, त्यातून 1971चा कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. हा कायदा स्त्रियांना हक्क देण्यापेक्षा डॉक्टरांना संरक्षण देण्यासाठी लिहिलेला आहे, हे त्याची भाषा वाचताना पदोपदी जाणवते. अमुक अटी पाळल्या तर डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, अशी त्याची मांडणी आहे. संमतीचे कलमही त्याच वळणाचे. अठरा वर्षांखालची मुलगी आणि 'वेडसर' स्त्री या दोघींना त्याने एकाच वाक्यात बसवले आणि दोघींसाठी पालकाची लेखी संमती मागितली. पुढच्या वाक्यात म्हटले आहे की, ही तरतूद वगळता इतर कोणताही गर्भपात गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय करू नये. या 'वगळता'चा सरळ अर्थ लावला तर मुलीचे स्वतःचे म्हणणे कायद्याने विचारलेलेच नाही.

त्या काळी मुलीच्या लग्नाचे किमान वय 15 होते, ते 18 झाले 1978 मध्ये. म्हणजे कलम लिहिले गेले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची गर्भवती कायदेशीर विवाहिताही असू शकत होती. आणि 1956च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार अल्पवयीन विवाहितेचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. वीस वर्षांच्या बायकोला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नव्हती, पण सतरा वर्षांच्या बायकोच्या बाबतीत मात्र पालक म्हणून तोच पुढे येऊ शकत होता. 'मुलीच्या काळजीपोटी आई-बापांना विचारायचे' असे चित्र आज आपण या कलमाभोवती रंगवतो. तेव्हाची वस्तुस्थिती त्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची होती.

आता त्या शब्दाकडे येऊ. मराठीत 'पालक' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती शाळेची पालकसभा, म्हणजे आई-वडील. कायद्याच्या भाषेत मात्र पालकत्वाचे प्रकार आहेत. 1956च्या कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असा क्रम लावला होता. वडील हयात असतानाही आई पालक असू शकते, असा या 'नंतर'चा अर्थ लावून घ्यायला 1999 साल उजाडावे लागले. गर्भपाताच्या कायद्याने हा क्रम उचललाच नाही. 'नैसर्गिक पालक' न म्हणता त्याने देखभाल ही कसोटी ठेवली. शिक्षणासाठी मुलगी मावशीकडे राहत असेल, आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर आजी तिला सांभाळत असेल, तर ती मावशी किंवा ती आजी या व्याख्येत बसते. माझ्या मते कायदा लिहिणाऱ्यांनी इथे शहाणपणा दाखवला होता.

या कायद्याखालचा संमतीचा नमुना, फॉर्म 'सी', एकदा हातात घेऊन पाहावा. वरचा भाग सज्ञान स्त्रीसाठी आहे, खालचा पालकासाठी. पालकाने स्वतःचे नाव, वय आणि पत्ता लिहायचा आणि 'माझ्या पाल्याच्या' गर्भपातास मी संमती देतो किंवा देते, असे म्हणून सही करायची. मुलीशी नाते काय, असा रकाना नाही. आई आणि वडील अशा दोन सह्यांची जागा नाही. मुलीच्या स्वतःच्या सहीलाही त्या भागात जागा नाही.

प्रत्यक्षात मावशीसोबत आलेल्या मुलीला 'आई-वडिलांना घेऊन या' असे सांगून परत पाठवले जाते. कधी दोघांच्या सह्या हव्या असतात, कधी दोघांची आधार कार्डे. घरी सांगायचे धाडस गोळा करण्यात दोन-तीन आठवडे निघून जातात. गोळ्यांनी करायच्या गर्भपाताची मुदत नऊ आठवड्यांची, ती टळली की शस्त्रक्रिया आली. डॉक्टर हे सगळे मुद्दाम करतात असे नाही. त्यांनाही धास्ती असते आणि 2012 नंतर तिला सबळ कारण मिळाले.

बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. शरीरसंबंधासाठी संमतीचे वय 16 वरून 18 वर गेले. सतरा वर्षांच्या मुलीने स्वखुशीने ठेवलेला संबंधही आता कायद्याने लैंगिक अत्याचार ठरतो. माहिती असूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट गर्भपाताचा कायदा गोपनीयता पाळायला सांगतो. 2021च्या दुरुस्तीने तर गोपनीयतेचा भंग करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. एक कायदा सांगतो कळवा, दुसरा सांगतो कळू देऊ नका. या कात्रीत सापडलेला डॉक्टर मुलीला दाखल करून घेण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करतो. तो टाळायचा म्हणून मुलगी दवाखान्यातच येत नाही आणि भलत्या हातांत जाते. बालकांच्या रक्षणासाठी आणलेल्या कायद्याचा हा परिणाम कुणालाच नको होता, पण झाला.

2021च्या दुरुस्तीने मुदतवाढ दिली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले आणि नियमांनुसार अल्पवयीन मुलींना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येऊ लागला. 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आले. त्याआधी 2002 मध्ये 'वेडसर' जाऊन 'मानसिक आजारी' आले होते. पालकाच्या संमतीच्या अटीला या दोन्ही वेळी कुणी हात लावला नाही.

29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. बातम्या झाल्या त्या अविवाहितेच्या हक्काच्या, पण त्याच निकालात अल्पवयीन मुलींसाठी एक महत्त्वाचा परिच्छेद आहे. मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोक्सोखाली पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. कात्री तुटली नाही, पण तिची धार कमी झाली. मात्र या सवलतीसाठीही विनंती करायला मुलीबरोबर पालक लागतोच.

मुलगी आणि पालक यांचे एकमत नसेल तर काय? अमेरिकेत 1979च्या एका निकालाने अशा मुलीसाठी थेट न्यायाधीशाकडे जाण्याची वाट ठेवली. ब्रिटनमध्ये 1985 पासून मुलीला विषय नीट समजतो का, ही कसोटी आहे. आपल्याकडे असे काही लिहिलेले नाही, प्रकरणागणिक उत्तर शोधले गेले. 1990च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका बापाने अल्पवयीन मुलीचा गर्भपात करण्याची परवानगी मागितली. मुलीला मूल हवे होते. न्यायालयाने बापाची मागणी फेटाळली. 2009 मध्ये चंडीगडमधील सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला असलेला तिचा नकार मानला. मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्या निकालाने सांगितले. ती अल्पवयीन नव्हती, तरी तिच्या वतीने इतरांनी ठरवायचे का हा प्रश्न तोच होता.

2024चे प्रकरण महाराष्ट्रातले. चौदा वर्षांची मुलगी, अत्याचारातून राहिलेला गर्भ. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. 22 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ती दिली, तोवर जवळपास तीस आठवडे झाले होते. आठवड्याभरात आई-वडिलांना मुलीच्या जिवाची भीती वाटू लागली आणि 29 एप्रिलला आदेश मागे घेतला गेला. यावर पुष्कळ टीका झाली आणि न्यायालयाने घूमजाव केले असेही म्हटले गेले. मला ती टीका पूर्ण पटत नाही. एवढ्या उशिरा धोका दोन्हीकडे होता, आणि उशीर झाला तो सुरुवातीच्या वैद्यकीय मतांच्या उलटसुलट फेऱ्यांत. त्या निकालपत्रात पुढे असेही म्हटले आहे की, अल्पवयीन मुलीचे मत पालकाहून वेगळे असेल तर न्यायालयाने ते महत्त्वाचा घटक म्हणून विचारात घ्यावे.

पण त्यासाठी मुलगी न्यायालयापर्यंत पोहोचायला हवी. अल्पवयीन व्यक्तीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही, कुणीतरी सज्ञान पुढे व्हावे लागते. 2024ची ती याचिकाही मुलीच्या आईनेच दाखल केलेली होती.