गेम अवघड असावा, अडचणीचा नसावा

बँकेचे अ‍ॅप तयार करणाऱ्यापुढचे उद्दिष्ट सरळ असते: ग्राहकाचे काम कमीत कमी टप्प्यांत आणि न चुकता पार पडावे. व्हिडिओ गेमला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. एक बटण दाबताच शेवटची लढाई जिंकून देणारा गेम वापरायला अतिशय सोपा म्हणावा लागेल, पण तो दुसऱ्यांदा कोणी सुरू करणार नाही. खेळाडू अडथळ्यांसाठीच तर पैसे मोजतो. त्यामुळे गेमसाठी ‘यूजर एक्सपिरियन्स’ अथवा यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याला येणारा अनुभव, डिझाइन करणाऱ्यांना सरसकट सगळ्या अडचणी काढून टाकता येत नाहीत. कोणती अडचण खेळाचा भाग आहे आणि कोणती केवळ रचनेतला दोष आहे, हे त्यांना निवडावे लागते. दरीवरून उडी मारणे अवघड असेल, तर तो खेळ झाला. उडीचे बटण कोणते हेच कळत नसेल, तर तो दोष झाला.

ही निवड किती बारीक असते, ते २०१८ साली आलेल्या ‘सेलेस्ट’ या गेममध्ये चांगले दिसते. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या या गेममध्ये मॅडेलिन नावाची तरुणी एक डोंगर चढते आणि वाटेतल्या काट्यांवर व दऱ्यांत खेळाडू अक्षरशः शेकडो वेळा मरतो. तरीही गेम अन्याय करतो आहे असे वाटत नाही, कारण तो गुपचूप खेळाडूची बाजू घेत असतो. मॅडेलिनचे पाऊल कड्यावरून सुटल्यानंतरही सुमारे ०.१ सेकंदाच्या आत उडीचे बटण दाबले गेले, तर ती उडी ग्राह्य धरली जाते. गेम बनवणारे या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. वर झेपावताना डोके एखाद्या ठोकळ्याच्या कोपऱ्याला जेमतेम लागणार असेल, तर मॅडेलिनला काही पिक्सेल बाजूला सरकवून वर जाऊ दिले जाते.

याला कोणी लबाडी म्हणेल, पण तिच्यामागचे कारण शास्त्रीय आहे. बटणाचा संकेत कंट्रोलरकडून गेमपर्यंत आणि तयार झालेले चित्र गेमकडून टीव्हीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते आणि एकूण उशीर अशा अनेक चित्रांएवढा होऊ शकतो. म्हणजे खेळाडूला दिसणारी मॅडेलिन नेहमीच थोडी ‘जुनी’ असते. त्याच्या डोळ्यांना ती अजून कड्यावर उभी असते, तेव्हा गेमच्या हिशेबात तिचे पाऊल सुटलेले असू शकते. गेमने हिशेबाचीच बाजू धरली, तर खेळाडू ‘अरे, मी दाबलं होतं!’ म्हणून ओरडतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर त्याचे म्हणणे खरेच असते.

असे दोष बनवणाऱ्याला सहसा दिसत नाहीत. ज्याने लेव्हल स्वतः आखली आहे, त्याला वाट माहीत नसल्याचे सोंग आणता येत नाही, म्हणून गेम तयार होत असतानाच तो बाहेरच्या माणसांना खेळायला देऊन, मध्ये अजिबात न बोलता, त्यांच्याकडे पाहत बसावे लागते. खेळाडूचे मत पुरेसे नसते. ‘ही लेव्हल कंटाळवाणी आहे’ असे तो सांगतो, प्रत्यक्षात त्याला दरवाजाच सापडलेला नसतो. २००७ च्या ‘हेलो ३’ साठी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सुमारे ६०० सामान्य खेळाडूंनी मिळून ३,००० तासांहून अधिक वेळ खेळून पाहिले. दर पाच सेकंदांनी प्रत्येकाची जागा नकाशावर ठिपक्याने नोंदवली जाई आणि ठिपक्याचा रंग वेळेप्रमाणे बदले. जंगलाच्या लेव्हलमध्ये सगळे रंग एकमेकांत मिसळलेले दिसले, म्हणजेच माणसे वाट चुकून तिथल्या तिथे भटकत होती. यावर बंजी या निर्मात्या कंपनीने मागे वळता येणार नाही अशा रीतीने जमिनीची रचनाच बदलली आणि पुढच्या चाचणीत एकेका रंगाचे ठिपके आपापल्या जागी गोळा झाले. एकही सूचना न वाढवता केलेली ही दुरुस्ती मला फार शहाणपणाची वाटते.

अडचण कोणासाठी, हाही प्रश्न आहेच. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या खेळाडूला शत्रू आणि मित्र केवळ रंगावरून ओळखायला लावणे हे आव्हान म्हणता येणार नाही. ‘सेलेस्ट’मध्ये ‘असिस्ट मोड’ सुरू करून गेमचा वेग कमी करता येतो, तर २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या मर्यादा लक्षात घेऊन ६० हून अधिक सोयी दिलेल्या आहेत.

मात्र माणसाचे बोट कुठे आणि का चुकते हे ज्याला कळते, त्याला ते चुकवताही येते. ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने ‘फोर्टनाइट’ या गेमच्या बटणांच्या मांडणीवर २०२२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. ‘स्लीप मोड’मध्ये गेलेला गेम पुन्हा जागा करताना, लोडिंग चालू असताना किंवा एखादी वस्तू नुसती पाहायची म्हणून शेजारचे बटण दाबले गेल्याने खेळाडूंचे पैसे कापले जात, आणि त्यांत मुलेही होती, असे आयोगाचे म्हणणे होते. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने तडजोडीत ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले.