भेगेचं टोक

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहिल्या आहेत. भेगेच्या टोकाशी आडवी रेघ, शेजारी तारीख; हा काकांचा उद्योग. गिलावा खरवडला तेव्हा दिसलं, भेग विटा फोडत नाही, चुन्याच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढते. पुढची पायरी कोणत्या बाजूला, हे काकांना सांगता येत नाही. कॉम्प्युटरलाही ते सुखासुखी जमलेलं नाही.

लिलो चेवड्याचं पाकीट दातांनी फाटत नाही. कडेला नखाएवढी चीर असली की सर्रकन फाटतं. १९१३ मध्ये ब्रिटिश अभियंते इंग्लिस यांनी याचं गणित मांडलं. ओढलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल, ओढीला आडवं आणि रुंदीच्या पाचपट लांब असेल, तर टोकांशी अकरापट! म्हणून तडकलेल्या पत्र्यात तड्याच्या टोकाशी मुद्दाम भोक पाडतात. टोक बोथट होतं, तडा काही काळ तरी थांबतो.

पण टोक अगदी अणकुचीदार धरलं, तर हेच गणित ताण अनंत सांगतं. मग कुठलीच तडकलेली वस्तू टिकायला नको. १९२१ मध्ये ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी ताण बाजूला ठेवून ऊर्जेचा जमाखर्च मांडला. भेग सरकली की आजूबाजूचा ताण सैल पडून ऊर्जा सुटते. नवे पृष्ठभाग उघडायला ऊर्जा लागते. जमा खर्चाला पुरली, तरच भेग पुढे जाते.

भेग कुठे जाईल हे काढायला कॉम्प्युटर वस्तूची बारीक तुकड्यांची जाळी करतो. साध्या पद्धतीत भेग तुकड्यांच्या कडेनेच जाते, त्यामुळे ती सरकली की जाळी पुन्हा विणायची. १९९९ मध्ये भेगेला तुकड्याच्या पोटातून जाऊ देणारी पद्धत आली. मला मात्र त्याच सुमाराची दुसरी युक्ती आवडते: भेगेची रेघच काढायची नाही. प्रत्येक जागेला शून्य ते एक असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे शाबूत, एक म्हणजे तुटलेलं. मधे पुसट पट्टा. ग्रिफिथचाच जमाखर्च सगळ्या वस्तूवर मांडून कॉम्प्युटर कमीत कमी ऊर्जेची स्थिती शोधतो. वळण, फाटा आपोआप निघतो. जाळी मात्र पट्ट्यापाशी फार बारीक लागते, आणि मशीन तासन्‌तास घुरघुरत बसतं.

शिवाय पदार्थ किती चिवट, तो आकडा आपणच द्यायचा. हे काकांना सांगितलं, तर त्यांनी भेगेपुढचा सांधा नखाने खरवडला. भुगा पडला. वीतभर पलीकडच्या सांध्यावर नख चालेना.

“यातला कुठला आकडा घालतोस?” त्यांनी विचारलं.